दहावी ओळ

कुणी काही मागायला आलं की काका दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवायचे. "दहाच हायेत. अकरावं कुठनं आनू?"

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात ते फायरवॉल सांभाळत. कारखान्याच्या कॉम्प्युटरांकडे येणारं-जाणारं सगळं अडवून तपासणारी ही यंत्रणा. तिच्यातले हजारो नियम काकांनी असे लावले होते की तपासणी क्षणात व्हायची. पण एक नियम बदलायचा तरी सगळी मांडणी नव्याने करावी लागे, आणि त्या दहा मिनिटांत भट्टीच्या तापमानाचे आकडेसुद्धा रखडत. म्हणून ते काम भट्टी रिकामी असतानाच. साहेब आले तरी उत्तर तेच. "जेवनाच्या सुट्टीत बघू."

तातडीच्या आणि सारख्या बदलणाऱ्या नियमांसाठी त्यांनी वेगळी दहा ओळींची यादी ठेवली होती. तिथे लिहिलेलं लगेच लागू होई. मात्र ती दर वेळी वरपासून खालपर्यंत वाचली जायची, त्यामुळे ओळी वाढल्या की सगळंच मंदावे. तुम्ही म्हणाल, दोन-चार वाढवल्या तर काय बिघडतं? मी तसं म्हणाले, तर आठवडाभर त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

एवढा कडक माणूस, पण समोरच्याचं तोंड उतरलं की विरघळायचा. मी तेव्हा डिस्पॅचला होते. ट्रक कुठे पोहोचला ते दाखवणाऱ्या साइटसाठी एक ओळ मी अशीच तोंड पाडून मिळवली. एक ओळ त्यांची स्वतःची होती, साहेबांना विचारून घेतलेली. भिसेगावच्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिच्या खोलीत कॅमेरा होता. मोबाईल गेटवरच ठेवावे लागत, म्हणून ही सोय. दुपारी शेजारीण भरवून गेली की म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून विचारायची, "जेवलास का रं?" काका डबा उचलून पडद्याला दाखवायचे. तिला तो दिसत नसे. आम्ही कुणी हसत नसू.

एका सकाळी बाहेरून कुणीतरी भट्टीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहत होतं. भट्टी भरलेली, मोठ्या मांडणीला हात लावायची सोय नाही. आणि दहाही ओळी भरलेल्या: नऊ आम्हा मागणाऱ्यांनी अडवलेल्या, दहावी काकांची. एक पुसायला हवी होती. बातमी ऐकून खोलीत जमलेल्या आम्हा पाच-सहा जणांकडे काकांनी बघितलं. माझी गेली असती तर दोन तास ड्रायव्हरना फोन करावे लागले असते, एवढंच. पण गिऱ्हाइकाचा माणूस सकाळपासून माझ्यावर खेकसत होता. मी खाली बघितलं.

काकांनी स्वतःची ओळ पुसली आणि तिथे त्या आगंतुकाला अडवणारा नियम लिहिला. भट्टी वाचली. त्या दिवशी सुट्टी उशिरा झाली. तो नियम मोठ्या मांडणीत घालून, आपली ओळ मोकळी करून कॅमेरा दिसेपर्यंत म्हातारी झोपली होती.

"इचारून झोपली असंल," ते म्हणाले. डबा तसाच बंद राहिला.

दुसऱ्या दिवशी मी माझी ओळ काढायला सांगितली. "काल म्हनली असतीस तर बरं झालं असतं गं." आवाजात राग नव्हता. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

मग त्यांनीच मला हे काम शिकवलं. आई गेली त्या वर्षी ते निवृत्त झाले. जायच्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याची ओळ पुसली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ही मोकळी ठेव. कुनी कितीबी तोंड पाडू दे."

आता मागायला आलेल्यांना मी बोटं पसरून दाखवते. एक अंगठा मिटलेला असतो.