लवंगीचं व्यासपीठ

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे लवंगी म्हणत. फटाक्यांत सगळ्यात लहान लवंगी, आणि कानठळ्याही तीच बसवते. बाई तशीच होती. कुणी उंची काढली की म्हणायची, "पुरेशी आहे. पाय जमिनीला टेकतात." लग्नात तिला पहिल्यांदा पाहून सासूबाईंनी "उरलेली मागून येतेय का?" असं विचारलं होतं, आणि अजूनही त्या साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत. मुद्दाम ठेवतात असं लवंगी म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

पण पंचिंग मशीनवर तिचं राज्य होतं. पुठ्ठ्याला खाचा आणि घड्या पाडणारं ते जुनं धूड. त्याचा दांडा कुणा धिप्पाड माणसाच्या मापाने बसवलेला. लवंगीने कामाच्या पहिल्याच दिवशी एक रिकामं लाकडी खोकं पालथं घातलं, त्यावर चढली आणि दांडा ओढला. धप्प! तो आवाज तिच्या जिवाला असा काही भावला, की घरचं दारसुद्धा ती तसंच लावायला लागली. पुढे केस पिकायला आले, तरी बाई, खोकं आणि मशीन यांची ताटातूट झाली नाही.

मग कारखान्यात सेफ्टीचे साहेब नेमले गेले. शिसपेन्सिलीलाही हेल्मेट घालावं असं वाटणारा माणूस. खोकं पाहून त्यांना घाम फुटला.

"यावर उभं राहून मशीन चालवता? नियमात बसत नाही."

"मग जमीन वर घ्या," लवंगी म्हणाली.

"महिनाअखेरीपर्यंत चालवून घेऊ. एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगच्या टेबलावर. मशीनला उंच माणूस बघतो."

पॅकिंगचं काम वाईट नव्हतं. बसून करायचं, पगारही तोच. पण दोन उंच बायकांच्या मधे बसून खोक्यांना चिकटपट्टी लावायची, आणि तिकडे मशीन कुणी परक्याने ओढायचं? त्या संध्याकाळी लवंगीला रडू आलं. रागाने आलं, पण आलं.

त्याच सुमारास कारखान्याला निधी मिळाला. बायका, अपंग, वयस्कर, कुणीही मागे राहू नये, कामाच्या जागी सगळ्यांना सामावून घ्यावं, म्हणून एक मोठी संस्था कंपन्यांना पैसे देत होती. मालकांना समानतेची फारशी ओढ नव्हती, निधीची होती. त्यांनी प्रकल्प जावयाच्या गळ्यात घातला. जावईबापू नुकतेच कंपनीत 'बसवले' होते आणि खरोखरच बसून होते. आता त्यांच्या अंगात आलं. गेटवर भलामोठा फलक लागला. 'आपण सारे समान' असं छापलेल्या टोप्या आल्या, त्याही अर्थात सगळ्या एकाच मापाच्या. लवंगीची नाकावर आली.

टोपी वर सारत ती त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, हा निधी माझ्यासारख्यांसाठीच आहे ना?"

"अगदी! पोस्टरवर तुमचाच फोटो टाकलाय."

"मग माझ्या मशीनपुढं एक लाकडी चौथरा करून द्या. साधा, पक्का."

जावईबापूंचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. माणूस वाईट नव्हता, फक्त निधीचे नियम त्याने पाठ केले होते.

"ताई, चौथरा दुरुस्तीत जातो. निधी फक्त जागृतीला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला सामावून घेतलं पाहिजे हे सगळ्यांना सांगायला पैसे आहेत. सामावून घ्यायला नाहीत."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच नव्हता. लवंगी तोंडात येईल ते बोलणार, एवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला आणि ते फोनवर म्हणाले, "हो हो, संस्थेच्या बाई तीस तारखेला येतायत. त्यांच्या भाषणासाठी व्यासपीठ बांधायचंय. नाही, ते जागृतीत बसतं."

लवंगी शहाण्यासारखी गप्प बाहेर आली आणि थेट सुतारकाकांकडे गेली.

"काका, व्यासपीठ कुणाकडे आलंय?"

"माझ्याकडेच. का गं?"

"एवढं उंच करायचं." तिने आपलं खोकं त्यांच्यापुढे आपटलं. "आणि रुंदी माझ्या मशीनच्या दोन पायांत बसेल एवढी."

काकांनी डोकं खाजवलं. "एवढं चिंचोळं? पाहुण्या बाईंनी काय एका पायावर भाषण करायचं?"

"तीन तुकडे करा. दोन त्यांचे, मधला माझा."

काका पोट धरून हसले. तिन्ही तुकडे तयार झाले तेव्हा सेफ्टीचे साहेब तपासायला आले. पाहुण्या बाई घसरल्या तर? वर खरखरीत रबर लावा. मागे तोल गेला तर? कठडा बसवा. हलता कामा नये, खाली लोखंडी कोन मारा. लवंगी बाजूला उभी राहून प्रत्येक सूचनेला मान डोलावत होती. "अजून काही राहिलंय का बघा, साहेब. पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." साहेबांनी आणखी एक कठडा सांगितला.

तीस तारखेला भाषण झालं. चांगलं झालं, थोडं लांबलं. टाळ्या विरायच्या आत जावईबापूंनी हुकूम सोडला, "व्यासपीठ गोदामात टाका आणि कुलूप लावा. प्रकल्पाची मालमत्ता आहे. आता पुढच्या वर्षी."

चोरून नेण्याइतकं ते हलकं नव्हतं, सेफ्टीच्या साहेबांनीच जड करून ठेवलं होतं. तिने मशीनच्या दांड्याकडे पाहिलं. उद्या एक तारीख.

तेवढ्यात संस्थेच्या बाईंनी पर्स उचलता उचलता विचारलं, "निधीतून घेतलेल्या वस्तू कामगार रोज वापरतात ना? पुढचा हप्ता त्यावर ठरतो."

"वापरतात तर!" म्हणत जावईबापू वळले आणि थिजले. समानतेच्या टोप्यांनी लोक खळीचे हात पुसत होते.

"आणि काय काय वापरात आहे?" बाईंनी विचारलं.

"व्यासपीठ!" लवंगी गर्दीतून ओरडली. दिसली नाही, ऐकू मात्र सगळ्यांना आली.

"इथे रोज भाषण कोण करतं?"

"भाषण नाही, काम! काका, उचला!"

सुतारकाकांनी आणखी दोघांना हाताशी घेऊन मधला तुकडा मशीनपुढे सरकवला. हातमोज्यात बोट जावं तसा तो दोन पायांत बसला. लवंगी चढली. पण दांड्याला हात घालण्याआधी तिने सेफ्टीच्या साहेबांकडे पाहिलं, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज लहान झाला.

"साहेब, चालेल ना हो?"

साहेबांनी रबर दाबून पाहिलं. कठडा हलवून पाहिला. खाली वाकून कोन पाहिले. चूक काढावी तर ती स्वतःचीच निघाली असती.

"चालेल," ते म्हणाले. "तुम्हीच चालवा."

धप्प!

जावईबापूंना पुढचा हप्ता डोळ्यांपुढे दिसायला लागला. "फोटो! फोटो काढा!" ते ओरडले. फोटोवाल्याने लगेच काढला. इतकी वर्षं कंपनीच्या फोटोंत लवंगीला टिपायचं म्हणजे कॅमेरा खाली धरायचा, हे त्याच्या हातात मुरलेलं. फोटो आला तेव्हा त्यात चौथरा, कठडा, दांड्यावरचे दोन हात सगळं होतं, आणि डोकं कापलं गेलं होतं.

"अरेरे, परत काढू," जावईबापू म्हणाले.

"खबरदार!" लवंगी म्हणाली आणि तोच फोटो चौकटीत घालून घरी घेऊन गेली.

सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "अगं, डोकं कुठंय तुझं?"

"मावलं नाही, सासूबाई." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं, म्हणून तिने ते परत म्हटलं. "मावलंच नाही."

नवरा हातोडी घेऊन भिंतीशी उभा राहिला. "खिळा कुठं मारू?"

"माझ्या डोळ्यांसमोर येईल तिथं," लवंगी म्हणाली.

आता त्या घरात तो फोटो बघायचा तर सासूबाईंना वाकावं लागतं.