मामाच्या समुद्रावरचा वारा

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या माझ्या मामाने आयुष्यातलं पहिलं तैलचित्र काढायला घेतलं. विषय होता भर समुद्रातली शिडाची नौका, आणि चित्र वाचनालयाच्या प्रदर्शनाला उद्या सकाळी द्यायचं होतं. आधी तपकिरी रंगाचा पातळ आराखडा, मग आकाश, मग लाटा, मग नौका आणि तिचं टम्म फुगलेलं शीड, असं सगळं त्याने महिनाभर शिस्तीत केलं. आज डोलकाठीवर लाल झेंडा चढवून त्याने ऐटीत सही ठोकली.

तेवढ्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन मामी आली.

"अहो, शीड उजवीकडे फुगलंय आणि झेंडा डावीकडे उडतोय. तुमच्या समुद्रात वारे तरी किती?"

"तू कधी समुद्र पाहिलायस?"

"नाही. पण तुमचे सदरे रोज वाळत घालते. सगळे एकाच बाजूला फुगतात."

मामाचा चेहरा पडला. तैलरंगाचं एक बरं असतं, चूक लवकर वाळत नाही. त्याने चिंधीने झेंडा पुसला आणि उजवीकडे नवा काढला. आभाळात गुलाबी डाग राहिला, त्याला तो आता संध्याकाळ म्हणतो.

मामी मात्र हलेना. "आता माझीही सही येऊ द्या."

मामाने ब्रश तिच्या हातात दिला.