राणीसरकारची मर्जी

माझे मामा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतात आणि घरी आले की उंदरांच्या. पाळीव उंदीर बरं का, धान्याच्या डब्यामागचे नव्हेत. हे मऊ, स्वच्छ, हाक मारली की धावत येणारे. मामीने त्यांना मागची खोली दिली आहे आणि स्वतः तिथे पाऊल टाकत नाही. "उंबऱ्याबाहेर एक शेपूट दिसलं तर ते आणि तुम्ही, दोघं बाहेर," हा करार बारा वर्षं जुना.

निळसर राखाडी रंगाचं एक घराणं मामांनी नऊ पिढ्या जपलं होतं. मागच्या थंडीत छातीच्या रोगाने त्यातले सगळे गेले आणि उरली एकटी राणीसरकार. तीही सात महिन्यांची झाली. पहिलं बाळंतपण याहून लांबलं तर तिच्या जिवावर बेतणार. म्हणजे महिनाभरात काय ते व्हायला हवं, नाहीतर घराणं बुडालं. मामांनी भाऊसाहेब नावाचा नर आणला. तपकिरी, रुबाबदार, पण त्याची आजी म्हणे राणीसरकारच्याच रंगाची.

शास्त्र मामांना तोंडपाठ. मादी चार-पाच दिवसांतून एकदा, तेही संध्याकाळपासून काही तासच राजी असते. तेव्हा पाठीवरून बोट फिरवलं की तिचे कान थरथरतात, पाठ वाकते. "टुणकन पळते आणि वळून बघते, ते 'ये' म्हणून," मामा जेवताना सांगायचे. "सगळं तीच ठरवते."

"पोरीसमोर काय बोलताय?" मामी म्हणायची. पोर म्हणजे मी, वय चौतीस, दोन लेकरांची आई.

चार वेळा जमवून पाहिलं. मामा दुकानातलं भिंग डोळ्याला लावून, जाळीला नाक टेकवून, वही घेऊन बसायचे. राणीसरकार कान थरथरवत तडक जाळीपाशी यायची, मामांकडे. भाऊसाहेब कोपऱ्यात तोंड धुवायचे. मामांनी भुसा बदलला, दिवा मंद केला, खुराक वाढवला. पालथ्या घड्यावर पाणी.

पाचवी पाळी आली ती शेवटचीच. मामांचा चेहरा एवढासा झाला होता. तेवढ्यात मामीने चक्क उंबरा ओलांडला.

"उठा," ती म्हणाली. "अहो, लहानपणापासून तळहातावर वाढवलीत ना तिला? तुम्ही इथे ठाण मांडून बसल्यावर ती त्याच्याकडे कशाला बघेल?"

मामा कानापर्यंत लाल झाले. "मग नोंदी कोण करणार?"

"मी करते. वही द्या आणि व्हा बाहेर."

मामा बाहेर येरझारा घालत राहिले आणि मी हसू दाबत सोफ्यावर. थोड्या वेळाने आतून मामीच्या हसण्याचा आवाज आला. असं खदाखदा हसताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

नंतर मामांनी वही मोठ्याने वाचली.

"सहा दहा. हिने कान हलवले. त्याचं लक्ष नाही.
सहा पंधरा. हिने त्याच्या नाकासमोर तीन उड्या मारल्या. आणखी काय करायचं बिचारीने?
सहा अठरा. पडला एकदाचा उजेड.
सहा वीसपासून मोजणं सोडलं.
सात पाच. तो स्वतःचंच अंग चाटत बसला. हिची साधी विचारपूस नाही."

मामांनी भिंग काढून पुसलं. "निरीक्षण अचूक आहे," ते म्हणाले.

बाविसाव्या दिवशी अकरा पिल्लं झाली, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी. आठवड्याने अंगावर लव आली आणि त्यातली चार निळसर राखाडी निघाली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीला दाखवायला त्यांनी पिंजरा उचलून आणला आणि करार आठवून उंबऱ्याच्या आतच थांबले.

"तिथे काय उभे राहिलात?" मामी म्हणाली. "आणा बाहेरच्या खोलीत. बाळंतीण आहे, तिला त्या खिडकीचा वारा लागतो."

मामांनी उंबऱ्यावरूनच हळूच विचारलं, "आणि भाऊसाहेब?"

"त्यांना राहू द्या आत," मामी म्हणाली. "वाटलं तर तुम्ही बसा सोबतीला."