पडद्याला शिकवणारा मास्तर

धुळ्यात आजवर जेवढे म्हणून मास्तर होऊन गेले असतील, त्यांत पोरांकडे पाठ करून शिकवणारा एकच, आणि तो आमच्या पुढच्या खोलीत शिकवायचा. खरं तर तो मास्तरही नव्हता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, शिंदखेड्याकडच्या खेड्यातला, होस्टेलवर राहणारा काडीसारखा मुलगा. कॉलेजातली मुलं संध्याकाळी वस्त्यांमधून फुकट शिकवणार असं ठरलं, आमच्या गल्लीच्या वाट्याला हा आला, आणि आमची खोली जरा ऐसपैस म्हणून पोरं आमच्याकडे बसली. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून घरी यावं, तर खोलीभर पोरं, त्यांत माझा धाकटा, आणि हे महाशय स्वयंपाकघराच्या पडद्याकडे तोंड करून अपूर्णांक समजावताहेत. मला वाटलं, लाजाळू असेल.

बाकीच्या तऱ्हा तर विचारू नका. कधी सायकलवर यायचा आणि ती विसरून पायी जायचा. स्वतःच्या चपला घालून तर तो कधी गेलाच नाही. एकदा माझ्या घेऊन गेला आणि मी दिवसभर दुकानात पोराच्या सँडलमधून टाचा बाहेर काढून बसलो. पोरांना अहो-जाहो करायचा. तिसरीतल्या चिमुरडीला ‘अक्का, तुमचं काय मत?’ असं विचारायचा आणि ती बापडी मत नसलं तरी देऊन टाकायची. कुणाचं गणित चुकलं की याचा चेहरा उजळायचा. ‘वा, ही चूक आपल्याकडे नवीन आहे,’ म्हणत तो ती सगळ्यांना दाखवायचा; आयांना शंका यायची, हा पोरांना शिकवतो की बिघडवतो. रंगात आला की पुस्तकी मराठी सुटून अहिराणीत ‘बठ्ठास्ले समजनं का?’, म्हणजे सगळ्यांना समजलं का, असं विचारायचा, तेही पडद्यालाच. बाहेरून डीजे गेला तरी याचं चालू, पण आत कुकरची शिट्टी झाली की हा गप्प. आवाज जाऊ द्या, म्हणायचा. डीजे चालतो आणि शिट्टी चालत नाही, माझं डोकं चालेनासं व्हायचं.

त्यात ती पळी. हा विचारायचा, ‘दोन तृतीयांशापेक्षा पाऊण मोठा, हो की नाही?’ पोरं गप्प. आतून पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज, ठण्. आणि हा खूश होऊन म्हणायचा, ‘बरोबर.’ कुणाचं बरोबर, देव जाणे. मला मात्र पक्कं कळलं होतं की बायको चिडली आहे.

असं का वाटलं, ते आता सांगून टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही. आमचं ठरलं तेव्हा तिची दहावी राहिली होती, ती पुन्हा बसणार होती. तिच्या वडिलांनी विचारलं, परीक्षा देऊ द्याल ना? मी हो म्हणालो. लग्नाचा मुहूर्त परीक्षेच्या तोंडावर निघाला, आणि मी गप्प बसलो. पुढे तिनं विषय काढला नाही, मीही नाही. पण तेव्हापासून घरात भांडं जरा जोरात ठेवलं गेलं तरी मला ते माझ्यावरच ठेवलंय असं वाटतं.

म्हणून एके दिवशी मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून पोरांना गल्लीतल्या व्यायामशाळेत बसवा, घरात त्रास होतोय. त्यानं पडद्याकडे पाहिलं.

‘मावशींना विचारलं का, नाना?’

‘तिच्यासाठीच सांगतोय.’

त्या दिवशी पहिल्यांदा तो स्वतःच्या चपला घालून गेला.

पळी थांबली. मला वाटलं, शांतता झाली. पण भाजीला मीठ नाही, पोराशी बोलणं नाही. शेवटी ताटात भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, ‘घरनी शिकवणी का बंद करी?’

मी पळीचं सांगितलं.

‘ती पळी तुमनाकरता नव्हती. मास्तरनाकरता व्हती. एकदा म्हंजे हो, दोनदा म्हंजे नही.’ मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘माले परीक्षा देनी शे.’

मी तसाच उठून होस्टेलवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो, पण त्यानंच मला गोंधळात टाकलं. म्हणाला, ‘मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, नाना. तुम्ही रोज दारात उभे राहून ऐकायचात.’ दुसऱ्या दिवशी तो आला. मी पडदा काढून ठेवला होता. तरी ती पोरांत येऊन बसली नाही, उंबऱ्यावरच बसली; हाही पाठ फिरवून तिकडेच तोंड करून बसला, आणि जाताना माझ्या चपला घेऊन गेला.

आता तो पुढच्या शिक्षणाला जळगावला गेलाय. त्याच्या चपलांपैकी एक अजून आमच्या दाराशी आहे, दुसरी कुणाच्या घरी गेली ते कळत नाही. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. संध्याकाळी पुढच्या खोलीत ती अभ्यासाला बसते आणि आत मी भाकरी जाळतो. एखादं गणित सुटलं की ती तिथूनच उत्तर वाचून दाखवते आणि विचारते, बरोबर शे का? मी पळी हातात घेऊन पातेल्यापाशी उभा राहतो. एकदा वाजवू की दोनदा, काही समजत नाही. ती बाहेर वाट बघत असते.