नऊशे, हजार आणि उजवा कौल

दादा आखातातून सहा वर्षांनी कायमचा परत आला. कायमचा म्हणजे अटीवर. तिथे तो वाळवंटात पाण्याचा टँकर चालवायचा. इथे येऊन त्याने एक जुना ट्रक घेतला आणि घरात जाहीर केलं, की शिमग्यापर्यंत ट्रक चालला तर राहतो, नाहीतर मुंबईच्या एजंटाला होकार कळवून परत जातो. वहिनी तेव्हा भाकऱ्या थापत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातले सुट्टीचे महिने जमेस धरले तरी तिच्या वाट्याला जेमतेम दीड वर्षाचा नवरा आला होता. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मात्र आठवड्याभरात तिला ट्रकच्या टायरचे आकडे तोंडपाठ झाले.

कारण घरात दुसरा विषयच नव्हता. मालगुंडच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या चिऱ्याची खाण होती. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत चिरे आणायचे, असं काम मिळालं होतं. चार किलोमीटरची वाट, पण तिला वाट म्हणणं हा मोठेपणा झाला. बहुतेक ठिकाणी उघडा कातळ, त्याच्या कडा विळीच्या पात्यासारख्या, आणि खोलगट भागात तांबडा चिखल, जो दिवाळीनंतरही दोन महिने वाळत नसे. मी त्या वाटेवर दुसऱ्याचा ट्रक तीन हंगाम चालवला होता. हे दादाला माहीत होतं. पण धाकट्या भावाला एखादी गोष्ट येत असेल, हे आमच्या घरात कुणी मनावर घेत नसे.

ट्रकला नऊशे-वीसचे टायर होते, गुळगुळीत झालेले. सहाही बदलायला हवे होते. नऊशे म्हणजे नऊ इंच रुंदीचा, हजार म्हणजे दहा इंचांचा, आणि वीस हा रिमचा व्यास. नऊ इंचाला नऊशे का म्हणतात, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. दादाला हजार-वीस हवे होते.

"रुंद टायर आणि हवा जरा कमी," तो म्हणाला. "चाक पसरतं, बुडत नाय."

"ते वाळूत," मी म्हटलं. "इथे वाळू कुठाय? वाळू आरे-वाऱ्याला. तिथून चिरे कोण नेतंय?"

"चिखलात पण तेच."

"चिखलाखाली कातळ हाय, दादा. बारीक टायर चिखल कापत खाली जातो आणि कातळ धरतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो."

"तू वाळवंट बघितलंस काय?"

मी बघितलं नव्हतं. वाद इथे संपायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुन्हा सुरू व्हायचा. असे पंधरा दिवस गेले. ट्रक अंगणात उभा होता आणि त्याच्याखाली कोंबड्या बसत होत्या.

शेवटी वहिनीच म्हणाली, "देवाला कौल लावा नि काय तो सोक्षमोक्ष करा. असेच बसलात तर शिमगा येईल."

आमच्याकडे लग्न, विहीर, घराचा पाया, सगळं कौल लावून होतं. त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अडचण गुरवाची झाली. त्याला हजार-वीस ही भानगड समजेना. ग्रामदेवतेचा प्रवास पालखीतून, तोही लोकांच्या खांद्यावर, तेव्हा देवळात टायरचा प्रश्न आजवर उपस्थित झाला नव्हता. दोनदा समजावल्यावर गुरवाने देवाच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, हे दोघे भाऊ तुझ्या पायाशी आलेत. गाडीला मोठं चाक घालायचं असंल तर उजवा दी, लहान घालायचं असंल तर डावा दी."

आम्ही हात जोडून उभे राहिलो. उजवीकडची कळी इतक्या झटकन पडली, की देव आधीपासून दादाच्या बाजूचा होता असं मला वाटलं. वहिनीने डोळे पुसले. मला राग आला. देवाचा नव्हे, दादाचा. तो परत येताना सबंध वाटभर माझ्याकडे न बघता हसत होता.

टायर मिरजोळ्याला बसवले. जुन्याच रिमवर हजार चढले. दादा समोर चहाला गेला तेव्हा टायरवाला मला म्हणाला, "ही मागची जोडी बघ. दोन चाकांच्या मधी जागा राहिली नाय. माल भरलास की पोटं एकमेकांना घासणार. मधी कडं टाकून जागा करायला हवी. नि हवा तर अजिबात कमी करू नको. भावाला सांग."

मी बरं म्हटलं.

दादाला मी ते सांगितलं नाही. देवाने कौल दिला होता, आणि आखातात सहा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळत असणारच, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. खाणीवरच्या माणसांसमोर त्याचा एक टायर फुटावा, एकदाच, आणि त्याने माझ्याकडे बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

तिसऱ्याच खेपेला फुटला. दादाने सवयीप्रमाणे हवा कमी केली होती. भरलेल्या ट्रकखाली मागची चाकं एकमेकांना घासत गेली, त्यात एक धारदार खडा मधे अडकला आणि उतारावर आधी आतला टायर गेला, मग त्याच्यावरचा भार बाहेरच्यावर येऊन तोही. ट्रक चिखलात आडवा झाला. दादाला खरचटलंसुद्धा नाही, पण अर्धे चिरे फुटले आणि वाट दोन दिवस बंद राहिली. खाणवाल्याने तिसऱ्या दिवशी हंगामाचं काम दुसऱ्याला दिलं. खाणीवरचे लोक आमच्या ट्रककडे बोट दाखवून "आखाती चाकं" म्हणायला लागले. दादाने माझ्याकडे बघितलंच नाही. तो नुसता फुटलेल्या टायरवरून हात फिरवत राहिला.

पुढे मी जुन्या मापाचे टायर घालून तोच ट्रक कितीतरी वर्षं सड्यावर चालवला. पण ते पुढे. शिमग्याला पंधरा दिवस असताना दादा परत आखाताला निघाला. फाट्यावर एस्टीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. वहिनी अचानक म्हणाली, "माझंच चुकलं. मीच कौल लावायला सांगितलं. आदल्या दिवशी मी एकटी देवळात जाऊन सांगून आले होते, यांच्या मनासारखं दे म्हणून. देवाला भरीला घातलं मी."

"तुझं काय नाय गं," दादा म्हणाला. "मलाच टायर कळला नाय. सहा वर्षं फुकट गेली."

दोघं बराच वेळ असं एकमेकांची समजूत घालत होती. एस्टी नेहमीप्रमाणे उशिरा होती. मिरजोळ्याला टायरवाला काय म्हणाला ते सांगायला मला भरपूर वेळ होता, आणि ते ऐकलं असतं तर दादा कदाचित पेटी उचलून घरी आलाही असता. मी त्याच्या पेटीची दोरी पुन्हा आवळली. एस्टी आली, मी त्याची पेटी टपावर चढवली. वहिनी त्यानंतर देवळात कधी काही मागायला गेली नाही. नवस बोलायची वेळ आली की म्हणते, "मी नको, तुम्ही जा भावजी. माझ्या मागण्याने वाईट होतं." आणि मी जातो.