भाचीचं केळं

भाची तीन वर्षांची असताना भरपूर बोलायची. बहिणीचं सासर रावेरकडचं, घर केळीवाल्यांचं, म्हणून तिचा पहिला शब्द ‘केय’. आमच्याकडे केळ्याला तेच म्हणतात. पाच वर्षांची झाली तसा एकेक शब्द गळायला लागला. आधी रंगांची नावं गेली, मग आजोबांना हाक मारणं गेलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरगी वांड आहे, लक्षच देत नाही. बहिणीने तिला झोडपलंही. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी लघवी तपासून कागद दिला, तो माझ्याकडे आला. घरात बायोकेमिस्ट्री शिकलेला मी एकटाच. पिंप्राळ्यात राहायचो, जळगावच्या कॉलेजात शिकवायचो आणि शहाणपण पाजळायची एक संधी सोडत नव्हतो.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तशी बहीण आली. मी तिला ओट्यावर बसवून समजावलं. मेंदूतल्या पेशींच्या अंगावर आणि अवतीभोवती प्रोटिओग्लायकन नावाची प्रथिनं असतात, त्यांना साखरेच्या लांब साखळ्या लटकलेल्या असतात. पोटात बाळ वाढतं तेव्हा कुठल्या पेशीने कुठे जायचं, कोणाशी जोडून घ्यायचं, यात त्यांचा हात असतो. पुढे शिकायला आणि शिकलेलं टिकवायलाही त्या लागतात. जुन्या झालेल्या साखळ्या शरीर तोडून टाकतं. हिच्या शरीरात ते तोडणारं एक रसायन जन्मापासूनच नाही.

“घड उतरवल्यावर जुनं खोड तुम्ही तोडून बाहेर काढता ना? ते कोणी काढलंच नाही तर बागेत पाय ठेवायला जागा राहील का? तसं हिच्या डोक्यात साचतंय.”

बहिणीने सगळं नीट ऐकलं. मग एवढंच विचारलं, “मंग भाऊ, हिचं गोड बंद करू का?”

खाल्लेल्या गोडाचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्या साखळ्या शरीर स्वतःच बनवतं, उपाशी ठेवलं तरी बनवतं. हे मला पक्कं माहीत होतं. यावर औषध नाही हेही माहीत होतं, आणि ‘नको’ म्हटल्यावर तेच सांगावं लागलं असतं. “बघ करून,” म्हणालो. भित्रेपणा, दुसरं काय.

तिने केलं. डोळ्यांत तेल घालून केलं. ज्या घरातून ट्रकच्या ट्रक केळी दिल्लीकडे जायची, त्या घरात पिकायला घड टांगणं बंद झालं. पोरगी ‘केय, केय’ करत मजुरांच्या मागे फिरायची, आणि कोणी दिलंच तर आई ते हातातून हिसकावून घ्यायची. पुढच्या आखाजीला आम्ही सगळे पुरणपोळी आणि आमरस खात होतो, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून कोरडी भाकरी चावत होती. मी आमरस दोनदा घेतला. बहीण म्हणाली, “बरं झालं तुले इचारलं. आता शब्द कमी जातात.” कमी जात होते, कारण जायला फारसे उरलेच नव्हते.

तिसऱ्या आखाजीला पोरगी एक शब्दही बोलेना. तेव्हा कुठे मी बहिणीला खरं ते सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

“मंग दोन वर्सं मी हिले कशापायी रडवलं?”



तिने देवापुढचं केळं उचललं आणि न सोलता पोरीच्या हातात दिलं. पूर्वी ही पोरगी दाताने देठ मोडून एका झटक्यात केळं सोलायची. आता तिने ते उलटसुलट फिरवलं, सालीसकट चावलं, थुंकलं आणि जमिनीवर टाकून दिलं. बहिणीने ते उचललं, सोललं, वाटीत कुस्करलं आणि बोटाने थोडं थोडं भरवत राहिली.

पोरगी त्यानंतर चार वर्षं होती. बहीण दर आखाजीला यायची, माझ्या ताटात आग्रहाने आमरस वाढायची. पोरीबद्दल मात्र तिने मला पुन्हा काही विचारलं नाही.