वेशीवरची दोरी

भावाचं लग्न ठरलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. सौंसरच्या शाळेत मी गणित शिकवते, पण त्या आठवड्यात फळ्यावर काय लिहिलं ते विचारू नका. डोक्यात नुसता ढोल वाजत होता. आम्ही गोंड. आमच्या घराण्यात नवरदेव वरात घेऊन जात नाही, नवरीचीच वरात त्याच्या दारी येते. म्हणजे पांढुर्ण्याकडची मंडळी गाड्या भरून घाटावरच्या माझ्या माहेरी येणार, आणि त्यांना वेशीवर दोरी आडवी धरून अडवायचा मान आम्हा नवरदेवाच्या बहिणींचा. त्यांनी गाणं म्हणायचं, आम्ही नाक मुरडायचं. मनासारखं गाणं झाल्याशिवाय नवरीसुद्धा आत येत नाही. एकुलत्या एका भावाच्या लग्नात मी ती दोरी सहजासहजी सोडणार होते थोडीच!

बॅग भरून होत आली होती. माझी सात वर्षांची लेक दाराला टेकून उभी होती. नवा घागरा दाखवला तरी चेहरा पडलेलाच.

"मले नाही याचं," ती म्हणाली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. दुपारी ती आणि शेजारची तिची मैत्रीण टीव्हीवर एक मालिका बघायच्या. त्यात पानं गुंडाळलेले, तोंडाला काळं फासलेले, गळ्यात हाडं घातलेले लोक शहरातल्या माणसांना खांबाला बांधतात, हू हू करत नाचतात आणि मोठ्या भांड्याखाली जाळ करतात. मोबाइलवरही तसंच काहीबाही बघितलेलं. मग दोघी 'आदिवासी आले, आदिवासी आले' करत पलंगाखाली लपायच्या. आणि मैत्रिणीने हिला पक्कं सांगितलं होतं की आजीच्या गावाला जंगल आहे, म्हणजे तिथे ते असणारच.

आधी मला हसू फुटलं, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. घरात आम्ही स्वतःला गोंड म्हणतो. 'आदिवासी' हा शब्द आमच्याकडे जातीच्या दाखल्यापुरता, तो कपाटातून निघतो आणि कपाटात जातो. लेकीपुढे तो उच्चारायची वेळच आली नव्हती. ती आली तर टीव्हीवाल्यांनी आधीच शिकवणी घेऊन ठेवलेली! ती मालिका करणारा त्या क्षणी समोर असता तर त्याला मी लाटण्याने सरळ केलं असतं.

नवरा म्हणाला, "सांगून दे ना तिले, आपणच आहो म्हणून."

मी नाही म्हटलं. त्या घटकेला सांगितलं असतं तर पोरगी आजीच्या मांडीवर बसली नसती, आरशात स्वतःलाही भ्यायली असती. आधी तिने आपली माणसं पोटभर बघावी, नाव मागाहून सांगू, असं मी ठरवलं. बाबा हात सोडणार नाहीत या अटीवर ती बसमध्ये चढली.

माहेरी पोचलो तर अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, कर्ण्यावर गाणी, आणि भाऊ हळद लावून काळा चष्मा घालून बसलेला. मला तर आल्या पावली नाचावंसं वाटलं. लेकीची नजर मात्र मांडवामागच्या चुलीवर गेली. तिथे भल्यामोठ्या गंजात, टीव्हीतल्यासारख्याच भांड्यात, काहीतरी रटरटत होतं. ती जागीच थिजली. माझ्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. नातीला भूक लागली असेल असं समजून तिने झाकण काढलं आणि कडेवर उचलून तिला आत दाखवलं. वांगं-बटाटा. लेकीने नीट निरखून खात्री केली आणि बापाचं बोट सोडलं.

दुपार कलता कलता खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. टिमकी कडाडली, ढोल उठला, आम्ही बायका पदर खोचून वेशीकडे पळालो. दोरीचं एक टोक मी लेकीच्या हातात दिलं. नवरीच्या भावाने सिनेमातलं गाणं सुरू केलं. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि जी ओरडली, "हे नाही चालत!" सगळी वेस हसली. मग काय, तिला जोरच चढला. हिंदी गाणं झालं, नाही चालत. मराठी झालं, नाही चालत. पाहुणे हात जोडू लागले, ही पाय आपटून नाही म्हणते! शेवटी नवरीच्या मावशीने गोंडीतलं गाणं उचललं, आमच्या बाजूच्या बायकाही त्यात मिसळल्या, आणि दोरी कधी खाली गेली ते आम्हालाही कळलं नाही. माझा घसा बसला होता. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, हे मी नवऱ्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

जेवणं झाल्यावर लेक माझ्या मांडीत येऊन बसली, हळदीने माखलेली, डोळे चमकत होते.

"आई, आपण त्यायले कसं पकडलं!" ती म्हणाली. मग झाडांकडे बघत, जरा हिरमुसून, "पण आदिवासी तं आलेच नाही."

हीच वेळ होती. मी म्हटलं, "आले ना बाई. हे सगळे आदिवासीच आहेत. आजी, मामा, नवी मामी, तुझे बाबा. मी. आणि तू."

तिने एकेकाकडे पाहिलं. आजी पानाला चुना लावत होती. मामा चष्मा घालूनच नाचत होता. लेक खुदकन हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी तिची पापी घेतली, दोन्ही गालांची.

मग तिचं हसू हळूहळू थांबलं. माझ्या बांगड्या फिरवत तिने विचारलं, "आई, मग माही मैत्रीण आता मले भिईन का?"